पाहुण्यांचा कप्पा

शिंप्याच्या घरचा कानोसा तपासायला ताई निघाली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. काम दर पंधरा दिवसांचं, तिच्या हातचा मळ. कपाटावरचं काडेपेटीएवढं यंत्र खाली काढायचं, त्यातली नोंद उतरवून घ्यायची, बॅटरी बदलायची, पुढं आलेला चहा नको नको म्हणत प्यायचा आणि परत फिरायचं. भुताखेतांच्या गोष्टी अमावास्येच्या रात्रीच सुरू होतात असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट भर दुपारी, चांगल्या कडक उन्हात आणि इस्त्रीच्या वाफेच्या वासात सुरू झाली.

ताई क्षयरोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. तिला नाव होतं, पण ती ज्या घरांत जायची तिथं ते कुणी विचारलं नाही. पोरंटोरं तिला खोकल्याची ताई म्हणायची आणि मोठ्यांनीही तेच उचललं होतं.

कानोसा हे त्या यंत्राचं संस्थेतलं लाडकं नाव. ते घरात बसून फक्त खोकला ऐकायचं. माणसं बोलोत, भांडोत, घोरोत, त्याला सोयरसुतक नाही. कुणी खोकलं की तेवढे दोन-तीन क्षण टिपायचे आणि पुढं कुणी बोलायला लागलं की लगेच कान मिटायचा, कारण कुणाच्या घरातलं बोलणं साठवायचं नाही असा कडक नियम होता. मग संस्थेतला संगणक त्या खोकल्यावरून ओळखायचा, हा साधा की क्षयाचा. थुंकीत जंतू सापडायच्याही आधी, माणूस स्वतःला ठणठणीत समजत असताना ओळखायचा. निदान तशी सगळ्यांना आशा होती आणि गेली नऊ वर्षं ती माणसं त्या आशेवर जगत होती.

बसवायच्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं यंत्रासमोर तीनदा खोकून दाखवायचं. "सही करा," असं ताई म्हणायची. सहीसारखाच खोकलाही ज्याचा त्याचा असतो. त्यानंतर यंत्राच्या बोटभर पडद्यावर दोन ओळी दिसायच्या. 'घरातले' या ओळीत सही केलेल्या माणसांचा आकडा. 'पाहुणे' या ओळीत सही न जुळलेले खोकले. शेजारीण डोकावली, नळ दुरुस्त करणारा आला, ते सगळे पाहुणे. त्यांचे खोकले संगणकात एका वेगळ्या कप्प्यात पडायचे, महिनाअखेरीला तो कप्पा पुसला जायचा आणि आत काय होतं ते बघायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही.

शिंपी दारातच उभा होता. तीन महिन्यांच्या औषधानं त्याच्या गालांवर मांस आलं होतं.

"या. तुमचा हेर बसलाय कपाटावर," तो म्हणाला.

त्याची बायको मागे इस्त्री करत होती. चौदा वर्षांची मुलगी खिडकीशी बसून काजं करत होती. ताईनं स्टुलावर चढून कानोसा काढला. घरातले तीन. पाहुणे सहा.

"पंधरा दिवसांत कोण कोण आलं होतं हो?" तिनं सहज विचारलं.

"कोण येणार? क्षयवाल्याच्या घरी गिऱ्हाईकसुद्धा उंबऱ्याबाहेरून माप देतं." शिंपी हसला. "आणि गेल्या आठवड्यात चार दिवस तर आम्ही मेव्हण्याकडं होतो. घराला कुलूप. किल्ली या माझ्या खिशात."

ताईनं वेळा बघितल्या. सहापैकी चार खोकले त्या कुलूप असलेल्या दिवसांतले होते. सहाच्या सहा दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचे होते.

यंत्र बिघडलं असेल, असं मनाशी म्हणत तिनं बॅटरी बदलली. तेवढ्यात शिंपीण इस्त्री उभी करून जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली,

"ताई, हे दुसरीकडं ठेवता का?"

"का हो?"

"तसं काही नाही. दुपारच्या वेळी या आरशापाशी... बाई माप द्यायला उभी राहते ना, हात जरा बाजूला धरून... तसं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. ह्यांना सांगू नका. हसतील मला."

ताईही हसणारच होती. पण आरशाकडे वळली आणि वाफेच्या वासातून तिला दुसराच एक वास आला. लवंगेचा. घशाला आराम पडावा म्हणून माणसं गालात लवंग धरतात, तसा, ओलसर. तिनं घड्याळ बघितलं. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

*

"पाहुण्यांचा कप्पा? अगं, तो कचरा आहे," गणित्या म्हणाला.

गणित्या म्हणजे कानोशाचा मेंदू ज्यानं घडवला तो. सहा फूट उंच, खांद्यातून वाकलेला, दिवसाला आठ कप चहा पिणारा, आणि आकड्यांशी माणसांपेक्षा गोडीनं बोलणारा. ताईचं आणि त्याचं नऊ वर्षांचं भांडण होतं, म्हणजे मैत्री होती.

"कचरा तर कचरा. कुलूपबंद घरात पडलाय तो. बघायला काय जातंय तुझं?"

"माझी दुपार जाते," असं म्हणत त्यानं खुर्ची ओढली. एवढ्यावर तो कामाला लागला याचं कारण त्यालाही कुठंतरी खाज सुटली होती. सगळ्या साठ घरांतले पाहुणे त्यानं एकमेकांशी ताडायला लावले. पाहुणा कोण हे यंत्राला ठाऊक नव्हतं, पण या घरचा पाहुणा आणि त्या घरचा पाहुणा एकच आहे का, हे ते सांगू शकत होतं. इतकी वर्षं हा साधा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

दहा मिनिटांनी गणित्याचा चहाचा कप हवेतच राहिला.

"ताई... नऊ घरांत एकच माणूस आहे."

"एकच?"

"एकच. शहराच्या चार टोकांना नऊ घरं, आणि प्रत्येक ठिकाणी तीन वाजून दहा मिनिटांनी." तो उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागला. "तुला कळतंय का हे काय आहे? कुणीतरी घरोघर हा रोग वाटत फिरतंय आणि आपण त्याला नुसत्या खोकल्यावरून धरलंय. चेहरा नाही, नाव नाही, नुसता खोकला. साथ कुठून सुरू होते ते शोधायला लोक वर्षंच्या वर्षं घालवतात. आपल्याला ते कचऱ्यात सापडलं."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. परीक्षेत अवघड गणित सुटलं की येतो तसला. संध्याकाळपर्यंत तिनं नऊही घरी फोन लावले. दुपारी तीनला कोण येतं? सामान पोचवणारा? मीटर बघणारा? नऊही घरांचं एकच उत्तर आलं. दुपारी आमच्याकडे कुणी येत नाही. एका घरची आजी तेवढी जरा थांबली, मग म्हणाली, "येत नाही कुणी... पण कधी कधी लवंगेचा वास येतो." आणि तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणित्या ताईच्या आधी येऊन बसला होता, आणि हे गेल्या नऊ वर्षांत घडलं नव्हतं. त्याच्यासमोर चहा नव्हता, हेही घडलं नव्हतं.

"मिटलेल्या फायलींशी ताडून बघितलं," तो म्हणाला. "बस आधी."

अभ्यासातला माणूस वारला की त्याची फाईल मिटवायची पद्धत होती. त्याची सही बाजूला जायची. मेलेल्या माणसाचा खोकला कशाला शोधायचा? म्हणून यंत्र त्या फायलींकडे बघतच नसे. गणित्यानं त्या उघडल्या होत्या. पाहुण्याची सही एका फायलीशी शंभरात अठ्ठ्याण्णव जुळत होती.

फाईल नंबर एक.

ताईनं न वाचताच ओळखलं.

*

पहिल्या मावशी. कानोसा तेव्हा कपाटाएवढा होता आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. त्याला खोकला म्हणजे काय हे शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि गल्लीतल्या त्या काठी टेकत चालणाऱ्या एकट्या बाई आपणहून आल्या होत्या. "माझा खोकला कुणाच्या तरी कामी येऊ दे बाई, मला तर त्याचा कंटाळा आलाय," असं म्हणाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, दुपारी तीनला. लवंग चघळत यायच्या, दहा मिनिटं दम घ्यायच्या, आणि मग खोकायला सुरुवात करायच्या. दोन छोटे खोकले, रुमालात. मग काठीचा एक ठोका. मग ताईला विचारायच्या, "काय म्हणतं गं तुझं यंत्र?"

"अजून शिकतंय, मावशी," ताई सांगायची.

ते खरं होतं आणि खोटंही होतं. मावशींची थुंकी तीनदा तपासली होती आणि तीनदा स्वच्छ निघाली होती. पण एका दुपारी ताई गणित्याशेजारी बसली असताना पडद्यावर मावशींच्या नावासमोर लाल ठिपका आलेला तिनं बघितला होता. क्षय. बघायला नको होता. अभ्यास संपेपर्यंत यंत्राचा निकाल मोहोरबंद ठेवायचा असतो, कुणी कुणाला सांगायचा नसतो, नाहीतर डॉक्टर त्या माणसाकडे निकालाच्या डोळ्यांनी बघतात आणि यंत्र खरं बोललं की खोटं ते कधीच कळत नाही. नियम शहाणा होता. त्या दिवसांत लाल ठिपका दर तिसऱ्या माणसाला पडायचा, हेही खरं. ताईनं नियम पाळला. पुढच्या खेपेला मावशींनी विचारलं आणि ती म्हणाली, अजून शिकतंय.

चार महिन्यांनी रोग सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी गेल्या. त्यांच्या खोकल्यावर शिकलेलं यंत्र पुढं हुशार झालं, लहान झालं, घरोघर गेलं. ताईनं त्या ठिपक्याबद्दल कुणाला सांगितलं नाही. गणित्याला ठाऊक होतं, पण तो आकड्यांशी बोलणारा माणूस.

"हे बघ, याचं कारण साधं असणार," गणित्या आता म्हणत होता, जरा जास्तच भराभरा. "यंत्र मावशींच्या खोकल्यावर वाढलंय. लहानपणी ज्याचा आवाज कानावर पडतो तोच सगळीकडे ऐकू येतो. दार वाजलं, भांडं पडलं, यंत्राला वाटलं मावशी."

"मूळ आवाज लाव."

"ताई..."

"लाव तू."

त्यानं शिंप्याच्या घरची नोंद लावली. आधी रिकाम्या, बंद घराचा आवाज. मग दोन छोटे खोकले, कापडात दाबलेले. मग फरशीवर काठीचा एक ठोका. मग कुणीतरी श्वास घेतला, बोलायला सुरुवात केली, "का..." आणि यंत्रानं नियमाप्रमाणे कान मिटला.



"यंत्र मावशींवर वाढलं म्हणून त्याला ऐकू आलं," ताई हळूच म्हणाली. "मग मला का ऐकू येतंय?"

गणित्या पुन्हा आकड्यांकडे वळला, घाबरलेलं पोर आईकडे वळतं तसा. आणि तिथंच, पाच मिनिटांत, त्याला ते सापडलं. नऊपैकी चार घरांत पाहुणी यायला लागल्यानंतर महिना-दीड महिन्यात दुसऱ्या एखाद्या माणसाला क्षय निघाला होता. आधी ज्याच्यावर औषध चालू होतं त्याला नव्हे, घरातल्या दुसऱ्याला. धडधाकट दिसणाऱ्याला.

"म्हणजे ती रोग देत फिरत नाही," ताई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "ती सांगत फिरते."

"आणि उरलेली पाच घरं?"

ताई उठलीच होती.

*

मोठ्या बाई संस्थेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर कागद कधी वाकडा नसायचा. ताईचं बोलणं, लाल ठिपक्यासकट, त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं, नोंद एकदा ऐकली, चष्मा काढून पुसला.

"मोहोर तीन आठवड्यांनी उघडेल," त्या म्हणाल्या. "त्याआधी मी निकाल फोडणार नाही. नऊ वर्षांचं काम आहे सगळ्यांचं."

"मी निकाल मागतच नाही बाई. रोग्याच्या घरच्यांची तपासणी आपण कधीही करू शकतो. नियमातच आहे. पाच घरं, तेरा माणसं. थुंकी नको, नवी रक्ताची तपासणी आणि छातीचे फोटो."

"कारण काय लिहू? पाहुणी खोकली?"

"लिहा, ताईला वाटलं म्हणून."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तो लाल ठिपका मीही बघितला होता. तुझ्या नंतर, त्याच संध्याकाळी." त्यांनी कागद पुढं ओढला आणि सही केली. "गाडी घेऊन जा. आजच."

पुढचे चार दिवस संस्थेत लग्नघरासारखी धावपळ होती. ताईनं पाच घरांचे उंबरे झिजवले, कुणाला पटवलं, कुणाला दटावलं, शिंप्याला तर सरळ सांगितलं की तुमचं दुकान मी बंद करीन. त्याला वाटलं तपासणी बायकोची. शिंपीणबाईंचा फोटो स्वच्छ आला. मुलीच्या फोटोत, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, नखाएवढी सावली होती. त्या मुलीला साधा घसाही खवखवत नव्हता. सहा महिने गोळ्या, आणि पुढं कधी तिला हे आठवणारही नाही, इतक्या लवकर सापडलं होतं.

पाचव्या घराचा निकाल आला तेव्हा गणित्यानं कागद दोनदा वाचला. पाच घरं, पाच माणसं. एकही घर चुकलं नव्हतं. मोठ्या बाई, ज्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं, त्या चक्क टेबलावर टेकल्या आणि ओल्या डोळ्यांनी हसायला लागल्या. गणित्यानं ताईला मिठी मारली आणि लगेच लाजून चहाला गेला. ताईला वाटलं आपली छाती आनंदानं फुटणार. एका मुलीचा जीव हातात होता आणि तो निसटला नव्हता.

तीन आठवड्यांनी मोहोर उघडली. कानोसा कसोटीला उतरला होता, सगळ्यांना वाटलं होतं त्याहून चांगला. शंभर मोठी केंद्रं तो मागायला लागली. शोधनिबंध लिहायला बसल्यावर मात्र पाहुण्यांच्या कप्प्यापाशी सगळे अडले.

"काय लिहायचं?" गणित्यानं विचारलं.

"खरं ते लिही," मोठ्या बाई म्हणाल्या. "यंत्रात एक दोष आहे, कारण कळलेलं नाही, उपयोगी असल्यामुळे काढलेला नाही."

तेवढं मात्र झालं. पाहुण्यांचा कप्पा त्यानंतर कधी पुसला गेला नाही.

*

नव्या कानोशांची पहिली पेटी आली तेव्हा प्रत्येकानं एकेक यंत्र घरी नेऊन दोन दिवस चालवून बघायचं ठरलं. ताईनं आपलं यंत्र पुस्तकांच्या फळीवर ठेवलं, स्वतः सही केली आणि वडिलांना करायला सांगितली.

अण्णा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. आयुष्यभर विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली, आता निवृत्त होऊन दिवसभर खिडकीशी बसत. एकदा ऐकलेला आवाज ते जन्मात विसरत नसत आणि जसाच्या तसा काढून दाखवत.

"पहिला खोकला राजाचा," ते म्हणाले आणि खोकले. "दुसरा भिकाऱ्याचा."

"अण्णा, स्वतःचा खोका."

"माझा असा काही नाहीच. बरं, हा घे."

घरात दोघंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला काढत असताना ताईनं सवयीनं फळीकडे बघितलं. घरातले दोन. पाहुणे एक. तीन वाजून दहा मिनिटं.

लोकांच्या घरी जाऊन, काही घाबरायचं नाही, लवकर सापडलं की बरंच होतं, असं हसून सांगणारी ताई आपल्याच दारात मटकन खाली बसली. एक चप्पल पायात तशीच होती.

"काय गं? पाय मुरगळला?" अण्णा आतून म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. तोंडावर आलं होतं, काही नाही, उद्या बघू. ते तिनं गिळलं. "अण्णा, उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचंय. तुमच्या छातीत बहुतेक काहीतरी आहे. आत्ताच सांगते, कारण आत्ताच सांगायला हवं."

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. "बरं," ते म्हणाले. "मग आधी चहा टाक."

सावली होती. शिंप्याच्या मुलीहून जराशी मोठी. सहा महिने औषध, रोज दुपारी जेवणानंतर. ताईनं यंत्र संस्थेत परत नेऊन टेबलाच्या खणात ठेवलं. घरी त्याच्याकडे बघायची तिची छाती नव्हती. सहा महिने ती गोळ्या मोजत राहिली, अण्णांचं वजन लिहीत राहिली. वजन चढत गेलं. आणि एका सकाळी शेवटचा फोटो स्वच्छ आला. मोठ्या बाईंनी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि वर एक नवा कानोसा हातात कोंबला, उद्या सकाळी एका घरी बसवायचा होता तो.

ताई जिना चढली ती जवळजवळ धावतच. सव्वातीन वाजत आले होते. अण्णा खिडकीशी होते.

"स्वच्छ," ती म्हणाली. "अण्णा, एकदम स्वच्छ."

"मला ठाऊक आहे."

"कसं?"

"तुझ्या ऑफिसातल्या बाई आत्ताच निरोप घेऊन गेल्या ना."

ताईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कोण बाई?"

"आता पुरे झालं गं." अण्णा मिश्कीलपणे हसले. "मी गोळ्या घेतो की नाही हे बघायला पाठवत होतीस ना रोज? मी मुद्दाम काही बोललो नाही. म्हटलं, तुम्हा दोघींना वाटू दे म्हाताऱ्याला कळत नाही. सहा महिने एक दिवस चुकला नाही बाईंचा. बसत नसत. तिथं, फळीपाशी, हात जरा बाजूला धरून उभ्या राहायच्या. गोळी गिळली की जायच्या."

"काही... बोलायच्या?"

"एकच वाक्य." अण्णांनी मान जराशी वाकडी केली, खिशातला रुमाल तोंडाशी धरून दोनदा हलकेच खोकले, खुर्चीच्या दांडीवर बोटानं एक ठोका दिला. मग त्यांच्या तोंडून नऊ वर्षांपूर्वीचा आवाज आला, तसाच थकलेला, तसाच मायाळू. "काय म्हणतं हो तिचं यंत्र?"

खोलीत लवंगेचा वास होता. आत आल्यापासून होता, तिच्या ध्यानात आता आला.

"आज मात्र म्हणाल्या," अण्णा आपल्या आवाजात पुढं सांगू लागले, "आता इथलं झालं. खाली घड्याळजींकडे जाते. अगं... कुठं निघालीस? चप्पल तरी..."

ताई जिना उतरत होती. पायाला फरशी गार लागत होती, आणि ही भीती होती की घाई, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घड्याळजीचं दार उघडंच होतं. भिंतीभर घड्याळं टिकटिकत होती, दुरुस्तीला आलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग वर सारून उठला. त्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली, मागून चार वर्षांची मुलगी.

"एक मिनिटाचं काम आहे," ताई धापा टाकत म्हणाली. तिनं पिशवीतून कानोसा काढून टेबलावर ठेवला. "काही विचारू नका. तिघांनी यासमोर तीन-तीनदा खोकून दाखवा."

शेजारची शहाणीसुरती बाई अनवाणी येऊन असं सांगते म्हटल्यावर माणसं ऐकतात. घड्याळजी खोकला. बायको खोकली. मुलीला तर गंमतच वाटली, ती तीनऐवजी पाचदा खोकली. तिच्या मागे, घड्याळं लावलेल्या भिंतीपाशी, कुणी उभं नव्हतं.

"झालं?" घड्याळजीनं विचारलं.

"झालं. आता ऐका. उद्या सकाळी तिघांनी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. तिघांपैकी कुणाला तरी एक रोग आहे, अगदी सुरुवातीला आहे, आणि तो पूर्ण बरा होतो. यंत्र काय म्हणतं ते मी आजच सांगते आहे. उद्यावर टाकणार नाही."

बायकोनं मुलीला जवळ ओढलं. घड्याळजी बारीक वस्तू बघायची सवय असलेला माणूस. त्यानं भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं आणि कानोशाच्या पडद्यावर वाकला. पाहुण्यांच्या ओळीत शून्य होतं.

"पण ताई, इथं तर घरातले चार लिहिलंय," तो म्हणाला. "आम्ही तिघंच. चौथं कोण?"

ताईनं पडदा बघितला. मग तिनं भिंतीपाशी असलेली एकुलती एक खुर्ची ओढून जरा पुढं केली, कुणी बराच वेळ उभं राहून दमलं असेल तर करतात तशी.

"त्या आमच्या ऑफिसातल्या आहेत," ती म्हणाली.